मोडलेल्या पात्यांचा वाटा

दुकान, ३ मार्च

वहिनी,

तुम्हाला नमस्कार. दादाला सांगा, मी पाया पडलो.

परवा फोन केला होता. दादानं उचलला, तीनदा "हो हो" म्हणाला आणि ठेवून दिला. तलवारीची किंमत कमी करशील का, असं मी विचारलं होतं, म्हणून आधी खूश झालो. मग आठवलं, त्याच्या आधी मी "तब्येत बिघडलीय का?" असंही विचारलं होतं आणि त्यालाही तो "हो हो"च म्हणाला होता. भट्टीच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. म्हणून तुम्हाला लिहितो. नाहीतरी घरात मॅट्रिक झालेलं माणूस एकच, आणि हिशेबाची वहीही त्याच्याच हातात.

गोष्ट अशी आहे. समोरच्या दुकानात कारखान्याच्या तलवारी आल्यात. यंत्रावर कापलेल्या, यंत्रावर घासलेल्या, एकीसारखी दुसरी. अठराशेला एक. दादाची साडेसात हजारांना. काल एका गिऱ्हाइकानं दोन्ही शेजारी ठेवल्या, किमतीच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि मला म्हणाला, "यातली महागाची कुठली, सांगा." वहिनी, मी चुकीची उचलली. तलवारी करणाऱ्याच्या घरात जन्मलो आणि चुकीची उचलली.

आता मुद्द्याचं. इथे एक बाई मुलींना तलवार चालवायला शिकवतात. त्यांना चोवीस तलवारी हव्यात. बोलायला फटकळ आहेत. म्हणाल्या, "साडेसात हजार कशाचे, ते मला लिहून द्या. 'हातानं केलेली आहे' हे मला सांगू नका. हात मलाही दोन आहेत."

दादाला चार हजारांवर आणा. नाहीतर दुसरी वाट आहे. कारखान्याची पाती आणू, मूठ आपली बसवू, वर दादाचा ठसा मारू. कुणाला कळणार आहे? मलाच कळलं नाही. दुकानाचा मालक कलेचा भोक्ता नाही हो, भाड्याचा आहे.

तुमचा धाकटा दीर


घर, ९ मार्च

भावोजी,

आशीर्वाद. चुकीची तलवार उचललीत हे वाचून वाईट वाटलं, आश्चर्य नाही वाटलं. भट्टीकडे जायची वेळ झाली की तुमच्या पोटात दुखायचं, असं सासूबाई सांगायच्या.

पुढचं बाईंना जसंच्या तसं वाचून दाखवा.

एका तलवारीला पोलाद नऊशेचं लागतं, कोळसा सातशेचा. घण मारणाऱ्या गड्याचे सहा दिवसांचे अठराशे. मूठ आणि म्यान मिळून अकराशे. तेल, कानशी, घासायचे दगड यांचे तीनशे. ह्यांची स्वतःची सहा दिवसांची मजुरी पंधराशे. हो, गड्यापेक्षा कमी. गडी शनिवारी हात पुढे करतो, त्याला थांबवता येत नाही. मालकाला थांबवता येतं. झाले सहा हजार तीनशे.

उरले बाराशे. ते मोडलेल्या पात्यांचे.

लाल झालेलं पातं तेलात बुडवलं की दहातली तीन आतून तडकतात. वरून दिसत नाही. त्यात बघून भांग पाडावा इतकं स्वच्छ असतं. पण दोरीला टांगून लाकडी मोगरीनं हलकेच वाजवलं की कळतं. चांगलं पातं गातं आणि गात राहतं. तडकलेलं फुटक्या भांड्यासारखं एकदा बोलतं आणि गप्प होतं. असं पातं ऐरणीवर घेऊन तोडायचं, ही ह्या घरची रीत. स्वस्तात द्यायचं नाही, शोभेला म्हणूनही द्यायचं नाही. शोभेची तलवार कुणीतरी कधीतरी खुंटीवरून काढतोच. त्या तीन पात्यांचा खर्च उरलेल्या सातांवर वाटला की एकेकीवर बाराशे येतात.

नफा विचाराल, तर ती ओळ वहीत मोकळी ठेवलेली आहे. देवानं दिला तर लिहीन. जागा भरपूर आहे.

एक पैसा कमी होणार नाही. चार हजारांची हवी असेल तर ह्यांना सांगून मूठ आणि वीतभर पातं करून देते. आणि ठशाचं पुन्हा लिहू नका. तुमचं ते पत्र ह्यांना दाखवायची वेळ माझ्यावर आणू नका.

तुमची वहिनी


दुकान, २० मार्च

वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र बाईंनी दोनदा वाचलं. "यांच्याकडे माझ्या वर्गाचे हिशेब द्यायला हवेत," म्हणाल्या. पण मोडलेल्या पात्यांशी अडल्या. "म्हणजे मी एक तलवार घेणार आणि न घेतलेल्या तलवारींचे बाराशे देणार? चपला घेताना फाटलेल्यांचे पैसे देते का मी?"

मी म्हटलं, बाई, ती मोडायची कुठली, हे ज्याला कळतं त्याचे ते पैसे आहेत. वाजवून पारखणं येरागबाळ्याचं काम नाही. आमचा दादा पातं वाजवतो आणि त्याच्या कानातून खोटं पातं सुटत नाही. असा कान दुसरा नाही!

बाईंनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "हे मला बघायचंय." येत्या १० तारखेला त्यांना घेऊन येतो. दादाला दोन-तीन पाती वाजवायला तयार ठेवायला सांगा. चोवीस तलवारींचं काम आहे, वहिनी.

आणि हो, दुकानाबाहेर मोठा बोर्ड लावला: "प्रत्येक पातं उस्तादांच्या कानानं पारखलेलं." कारखान्याच्या यंत्राला कान कुठून आणणार? समोरचा दुकानदार दोन दिवस तो बोर्डच बघत बसलाय.

तुमचा दीर


घर, २६ मार्च

भावोजी,

आशीर्वाद. बोर्ड उतरवा.

१० तारखेला येऊ नका. भट्टीचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, ह्यांची पाठ धरलीय, आणि पाहुण्यांसमोर ह्यांचा हात चालत नाही. बाईंना हवं तर मी आणखी सविस्तर लिहून पाठवते. कोळशाच्या पावत्यासुद्धा पाठवते.

आधी बोर्ड उतरवा.

वहिनी


दुकान, १४ एप्रिल

वहिनी,

तुम्ही येऊ नका म्हणालात तरी आलो, ही माझी चूक. छप्पर शाबूत होतं आणि दादाची पाठही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तुम्ही आत होतात, म्हणून बाहेर काय झालं ते सांगतो. दादानं पहिलं पातं वाजवलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि ओरडून विचारलं, "चहा आहे का?" तुम्ही मान हलवून हो म्हणालात. दादा म्हणाला, "हे चांगलं आहे." दुसरं वाजवलं, पुन्हा "चहा आहे का?" तुम्ही नाही म्हणालात. त्यानं ते तोडलं. मला वाटलं, दादाला आज चहाची फारच तलफ आलीय. आणि गंमत म्हणजे चहा आलाच नाही.

मग तो पाठमोरा बसून कानस चालवत होता, तेव्हा बाई मागून मोठ्यानं म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या पाठीमागे आग लागलीय!"

दादाची कानस थांबली नाही. तुम्ही मात्र आतून बादली घेऊन धावत आलात आणि अर्धं पाणी माझ्या बुटांवर ओतलंत.

परतीच्या वाटेवर बाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या भावाला ऐकू येत नाही."

किती वर्षं झाली, वहिनी? मी बाजारात छाती फुगवून दादाचा कान विकतोय, आणि तो कान नाहीच! बोर्ड त्याच संध्याकाळी उतरवला. समोरचा दुकानदार विचारतो, "का हो, उस्तादांचा कान गळून पडला का?" सख्ख्या भावालाही सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?

बाईंनी चोवीस तलवारी कारखान्याच्या मागवल्यात. माझ्याकडूनच घेतात, हेच उपकार. मी आता शहाणा झालोय. दादाचा ठसा पाठवून द्या. यापुढे कारखान्याच्या पात्यांवर तो मारीन. खोटं होईल म्हणू नका. खोटं इतकी वर्षं चाललंच होतं, निदान आता स्वस्त तरी होईल.

दीर


घर, १९ एप्रिल

भावोजी,

बुटांचं वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही.

अकरा वर्षं झाली. तीस वर्षं घणाच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचे कान जाणार नाहीत तर काय तुमचे जाणार? एके दिवशी मी देवापुढे बसले होते आणि भट्टीतून एका पात्याचा बद्द आवाज आला. हे मात्र म्हणाले, "वा, छान!" आणि पातं मुठीसाठी बाजूला ठेवलं. मी प्रार्थना अर्धी टाकून उठले. देव रागावला नसावा, कारण उठवलं त्यानंच. दारात जाऊन मान हलवली, नाही म्हणून. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, पातं उचललं, तोडलं, आणि गड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "चहा नाही म्हणतेय." त्या दिवसापासून तसंच चाललंय. आम्ही दोघं त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. मला नेहमी वाटायचं, बोलले तर ह्यांचा हात थांबेल.

तुम्ही लिहिता, कान नाहीच. भावोजी, कान आहे. ह्या कानानं अकरा वर्षांत सहाशे बारा पाती ऐकली आणि एकशे एकोणनव्वद तोडायला लावली. एकेकाची तारीख वहीत आहे. ह्या घरातून न ऐकलेलं पातं बाहेर गेलेलं नाही. तुमच्या बोर्डावर फक्त माणूस चुकला होता, आणि तो बोर्ड लावा असं मी म्हटलं नव्हतं. बाईमाणसाच्या कानानं पारखलेलं लोखंड तुमच्या गिऱ्हाइकाला चालणार नसेल, तर खोट त्याच्यात आहे, पात्यात नाही.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक मुठीपाशी मोडलेली तलवार घेऊन तुमच्याकडे आलं होतं. अंगठ्याला सात टाके पडले होते. तुम्ही म्हणालात, त्यानं दगडावर मारली असेल. ह्यांनाही तेच सांगितलंत. त्यानं दगडावर मारली नव्हती. त्या महिन्यात ह्यांनी पाच वेळा चहा विचारला होता आणि चार वेळा मी नाही म्हणाले होते. चार पाती लागोपाठ. पाचवं वाजलं तेव्हा मला ऐकू आलं होतं. स्वच्छ ऐकू आलं होतं. पण मी मेणबत्तीचं मेण साठवून पुन्हा वात घालणारी बाई. पाचवं तोडायला माझा जीव होईना. मी मान हलवली, हो म्हणून.

ह्यांनी माझ्या मानेवर विश्वास ठेवला आणि एका परक्या माणसाचा अंगठा फाटला. त्यानंतर मी दुसरी तलवार फुकट पाठवली, टाक्यांचे पैसे पाठवले, पण कबूल केलं नाही. आज करते. देवापुढे रोज करतेच, तुमच्यापुढे पहिल्यांदा.

बाईंना हे सगळं वाचून दाखवा. मोडलेल्या पात्यांचे बाराशे का द्यायचे, असं त्या विचारत होत्या ना? याच्यासाठी. ज्या महिन्यात मी ते वाचवायला गेले, त्या महिन्यात आमची तलवार आणि फुटकं भांडं यांच्यात फरक राहिला नाही. बाकीचे सहा हजार तीनशे लोखंडाचे, कोळशाचे नि घामाचे आहेत. ते कमी करायला कारखाना समर्थ आहे, खुशाल करू दे. तलवार असते ती त्या बाराशेंत.

ठसा मिळणार नाही. पिठाच्या डब्यात ठेवलाय आणि डबा माझ्या नजरेसमोर आहे. यायचं तर या, पीठ चाळून घेते.

वहिनी


दुकान, २ मे

वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र आल्यावर चार दिवस खिशात घेऊन फिरलो. अंगठ्याचं वाचून आधी राग आला, मग आठवलं, ते दगडाचं मीच माझ्या मनानं रचलं होतं. कुणी विचारलंही नव्हतं. म्हणजे आपण दोघंही त्यात.

मग बाईंना दिलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं. म्हणाल्या, "बादली घेऊन धावल्या तेव्हाच मला कळलं होतं, त्या घरात ऐकतं कोण. मला फक्त बघायचं होतं, तुम्ही लोक ते कबूल करता का." मी म्हटलं, मग ऑर्डर का फिरवलीत? "तुम्ही वाटेत एक शब्द बोलला नाहीत म्हणून," म्हणाल्या. घ्या! आग त्यांनी लावायची आणि बोलायचं मी.

तर आता ऐका. कारखान्याच्या चोवीस तलवारी आल्यात, पैसेही भरून झालेत. बाई म्हणतात, मुलींच्या हातात द्यायच्या आधी त्या तुमच्या कानाखालून जायला हव्यात. एका तलवारीचे तीनशे देतील. चोवीसांचे सात हजार दोनशे, वहिनी! दादाच्या एका तलवारीइतके, आणि कोळसा नाही, घण नाही, सहा दिवस नाहीत. एका दुपारचं काम. मी तर पुढचंही बघतोय. यंत्राची तलवार आणि तुमचा कान, दोन्ही मिळून अडीच हजारांत बसतं. मग भट्टी कशाला पेटवायची? दादालाही आता विश्रांती हवी.

बाई स्वतः त्या घेऊन येतील. फक्त या वेळी चहाचा घोळ नको. त्यांनी सांगितलंय, जे व्हायचं ते उघड व्हायला हवं. दादाला तुम्हीच सांगा. माझी हिंमत नाही.

तुमचा दीर


घर, १५ मे

भावोजी,

आशीर्वाद. ह्यांना सांगायची माझीही हिंमत नव्हती. तीन दिवस ताटं वाढताना शब्द जुळवले. शेवटी तुमची सगळी पत्रं आणि माझ्या पत्रांच्या नकला ह्यांच्यासमोर ठेवल्या आणि भांडी घासायला गेले. बाहेर आले तेव्हा हे वाचून संपवून बसले होते. म्हणाले, "अंगठ्याचं मला सांगायचं होतंस." कानाचं काही बोलले नाहीत. मी मान खाली घातली. मग म्हणाले, "तलवारी कधी येतायत?"

परवा बाई आल्या. चोवीस तलवारींच्या मुठी काढल्या, पाती ओळीनं दोरीला टांगली. गडी होता, बाई होत्या, कोळसेवालाही मजा बघायला थांबला. ह्यांनी मोगरी घेतली, पहिलं पातं वाजवलं आणि वळून सगळ्यांदेखत मला विचारलं, "मला ऐकू येत नाही. हे कसं आहे?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तोंड उघडून म्हणाले, "चांगलं आहे."

एकेक करत बावीस चांगली निघाली. खोटं का बोलू? कारखाना आमच्यापेक्षा सरस आहे. आमची दहातली तीन जातात, त्यांची चोवीसांतली दोनच गेली. पण भावोजी, ती दोन बावीसांबरोबर त्याच खोक्यात होती, तशीच पुसलेली, तशीच तेल लावलेली. त्यांना कुणी वेगळं काढलं नव्हतं. ह्यांनी दोन्ही ऐरणीवर तोडली. आतली चीर बाईंनी बोट लावून बघितली.

आता हिशेब. चोवीसांचे त्रेचाळीस हजार दोनशे आणि ऐकण्याचे सात हजार दोनशे, एकूण पन्नास हजार चारशे. ते बावीसांवर वाटले की तुमची अठराशेची तलवार दोन हजार दोनशे एक्क्याण्णवला पडली. वाटलं तर दोन मोडक्यांचे पैसे मागायला कारखान्यात जा. कुणापुढे उभे राहणार, ते आधी ठरवा. आमच्या दारात निदान शिव्या घालायला माणूस तरी आहे, आणि ऐकायला दुसरं.

सात हजार दोनशे मी घेतले. कष्टाचे आहेत, देवाघरचे आहेत, लाजायचं काय? पण तुमचा अडीच हजारांचा बेत मनातून काढा. मी ऐकते ते ह्यांच्या घणाशेजारी राहून शिकले. भट्टी विझली की हा कानही चारचौघींच्या कानासारखा होईल. भट्टी पेटती राहील.

निघताना बाई म्हणाल्या, "नव्या मुलींना ह्या बावीस चालतील. पण माझ्या आठ मुली समोरासमोर वार करतात. त्यांच्यासाठी तुमच्या आठ करा. साडेसात हजारांनी ना?"

मी म्हटलं, "नाही. सात हजार आठशे."

"मागच्या पत्रात साडेसात होते!"

"तेव्हा कानाचे धरले नव्हते. भाव तुम्हीच काढलात."

बाई हसत सुटल्या. म्हणाल्या, "तुमच्याशी तलवारीनं लढणं सोपं पडेल." आणि आठांचे अर्धे पैसे मोजून ठेवले.

तेव्हा दुकानात नवा भाव लिहा, सात हजार आठशे. बोर्डही लावा हवा तर, पण त्यावर खरं लिहा: घडवतो नवरा, ऐकते बायको. समोरचा दुकानदार हसला तर हसू दे. त्याला विचारा, त्याच्या तलवारी कोण ऐकतं.

खाली ह्यांना दोन ओळी लिहायच्या आहेत. जागा सोडते.

तुमची वहिनी


धाकट्या,

विश्रांती तू घे. मी बहिरा आहे, हे ज्याला सांगायचं त्याला सांग. आठ तलवारींचं पोलाद आणलंय. उद्या भट्टी पेटवतोय. तुझ्या वहिनीला तलवारीचा भाव पुन्हा विचारू नकोस, ती वाढवेल.

दादा